चंद्राकडे जाणारे आणि त्यांच्याकडे बघणारे

माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला तेव्हा सगळं जग टीव्हीसमोर बसलं होतं, हे आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यातला हिशेब तपासावासा कुणाला वाटत नाही. अपोलो-११ चं थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांचा त्या काळी बांधलेला अंदाज ६० ते ६५ कोटींचा आहे. १९६९ मध्ये जगाची लोकसंख्या ३६० कोटींच्या घरात होती. म्हणजे सहातल्या पाच जणांनी ते दृश्य त्या क्षणी पाहिलंच नाही. कित्येकांच्या देशात टीव्ही पोहोचला नव्हता, काहींच्या देशात होता पण सरकारने दाखवलं नाही, काही जण गाढ झोपेत होते, आणि काहींनी ठरवून पाठ फिरवली होती.

तरीही एकाच घटनेकडे एकाच वेळी इतके डोळे त्याआधी कधी लागले नव्हते, हेही तितकंच खरं. गफलत होते ती पुढच्या पायरीवर. जितक्यांनी पाहिलं तितक्यांना ते हवं होतं, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. चांद्रमोहिमांची तेव्हाची बातमीदारी आणि जनमताच्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं. श्वास रोखून पाहणाऱ्यांतच ‘एवढा पैसा कशाला?’ असं विचारणारेही होते. अर्ध्या शतकानंतर नासाच्या आर्टेमिस कार्यक्रमाच्या निमित्ताने माणसांना पुन्हा चंद्राकडे पाठवायचा घाट घातला गेला, तेव्हा हीच दोन तोंडं पुन्हा दिसू लागली. म्हणून ही पार्श्वभूमी.

आधी दाखवायचं की नाही, हेच ठरायचं होतं

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अवकाशात गेले, ते जगाला रेडिओवरच्या घोषणेतून कळलं. रॉकेट उडताना सोव्हिएत नागरिकांनीही पाहिलं नाही. दोन दिवसांनी मॉस्कोत गागारिन यांचं स्वागत झालं, ते मात्र थेट पश्चिम युरोपातल्या टीव्हीवर दिसलं. दाखवायचं ते यश, प्रयत्न नव्हे, असा तो हिशेब.

अमेरिकेने तीन आठवड्यांनी, ५ मे रोजी, ॲलन शेपर्ड यांचं जेमतेम पंधरा मिनिटांचं उड्डाण सगळ्यांसमक्ष केलं. सुमारे साडेचार कोटी अमेरिकी लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. त्याआधीच्या वर्षांत त्यांची किती तरी रॉकेटं जमिनीवरच नाही तर उडताक्षणी फुटली होती, त्यामुळे ही हिंमत साधी नव्हती. स्फोट झाला असता तर तोही थेटच दिसला असता. माझ्या मते पुढच्या सगळ्या लोकप्रतिक्रियांचं मूळ या निर्णयात आहे. काय होईल ते आधी कुणालाच ठाऊक नाही, या जाणिवेनेच लोकांना पडद्यासमोर बसवलं.

शेपर्ड परतल्यावर वीस दिवसांनी केनेडी यांनी दशक संपण्याआधी चंद्रावर माणूस उतरवण्याचं उद्दिष्ट संसदेपुढे मांडलं. ते ऐकून सारा देश पेटून उठला, ही नंतर रचली गेलेली कथा. माजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९६३ मध्ये, प्रतिष्ठेसाठी चंद्राच्या शर्यतीत अब्जावधी डॉलर ओतणाऱ्याला उघड उघड वेड्यात काढलं. साठच्या दशकभर झालेल्या चाचण्यांत बहुतांश अमेरिकी नागरिकांना अपोलोवरचा खर्च रास्त वाटत नव्हता. ४५ ते ६० टक्के लोक सतत म्हणत होते की सरकार अवकाशावर जास्त पैसा उधळतंय. या सूराला अपवाद ठरली ती एक चाचणी, जुलै १९६९ मधली, नेमकी चंद्रावर उतरण्याच्या सुमाराची.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी

यानातून टीव्हीचं चित्र पाठवण्याचा उत्साह खुद्द अंतराळवीरांना फारसा नव्हता. ऑक्टोबर १९६८ मधल्या अपोलो-७ वर सर्दीने हैराण झालेल्या वॉली शिरा यांनी पहिलं प्रक्षेपण चक्क नाकारलं. यान नवीन आहे, कामं पडली आहेत, टीव्ही नंतर, असं त्यांनी ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला ठणकावलं. पुढे त्यांनीच कॅमेऱ्यासमोर गमतीदार पाट्या धरून जे छोटे कार्यक्रम केले ते इतके गाजले की त्यांना एमी पुरस्काराने गौरवलं गेलं. अपोलो-८ चे कमांडर फ्रँक बोर्मन यांनाही कॅमेरा नको होता. त्यांचं म्हणणं मानलं गेलं नाही.

अपोलो-८ हे २१ डिसेंबर १९६८ रोजी निघालं. बोर्मन, जिम लोव्हेल आणि बिल अँडर्स हे पृथ्वीची कक्षा सोडून चंद्रापर्यंत जाणारे पहिले तिघे. वाटेतल्या पहिल्या प्रक्षेपणात दूरचं दाखवणाऱ्या भिंगाने दगा दिला आणि लोकांना पृथ्वी म्हणून एक पांढरा, फुटकळ डाग दिसला. दुसऱ्या दिवशी भिंगापुढे फिल्टर लावल्यावर ढगांचे पट्टे ओळखू यायला लागले. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, चंद्राभोवती फिरत असताना, तिघांनी खाली सरकणारी विवरं दाखवत बायबलच्या पहिल्या अध्यायातल्या ओळी वाचल्या. ते ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांची संख्या १०० कोटींपर्यंत गेली असेल, असे अंदाज तेव्हा मांडले गेले.

त्या वर्षाची पार्श्वभूमी लक्षात घेतली तर लोक का गहिवरले ते समजतं. जानेवारीअखेर व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला, एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या, जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची, ऑगस्टमध्ये प्रागच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे. तुम्ही १९६८ वाचवलंत, अशा अर्थाची तार बोर्मन यांना आली. ती पुढे फार प्रसिद्ध झाली.

सगळे मात्र गहिवरले नाहीत. मॅडलिन मरे ओ’हेअर या निरीश्वरवादी कार्यकर्तीने, सरकारी यानातून सरकारी पगारावर धर्मग्रंथाचं वाचन हा राज्यघटनेचा भंग आहे, असा दावा नासावर ठोकला. न्यायालयाने तो फेटाळला, पण नासाने धसका घेतला तो घेतलाच. बझ ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर उतरल्यावर केलेला ख्रिस्ती विधी लोकांना ऐकू गेला नाही, त्याचं कारण हे प्रकरण. मे १९६९ मधल्या अपोलो-१० वर उलटी तक्रार आली. यान अचानक गरगरू लागलं तेव्हा जीन सर्नन यांच्या तोंडून जी शिवी निसटली ती थेट ऐकू गेली आणि धार्मिक मंडळींनी नासाकडे नाराजी नोंदवली. एका गटाला अंतराळवीर जास्त धार्मिक वाटले, दुसऱ्याला कमी.

अँडर्स यांनी टिपलेल्या पृथ्वी-उगवतीच्या छायाचित्राबद्दलही एक सुधारणा हवी. पर्यावरणाची चळवळ त्या एका फोटोतून जन्मली असं सर्रास म्हटलं जातं. कीटकनाशकांवरचा वाद त्याआधीच पेटला होता आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर जानेवारी १९६९ मध्ये झालेल्या तेलगळतीनेही लोक संतापले होते. २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला फोटोने चेहरा दिला, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

खेचरगाड्या आणि रॉकेट

१६ जुलै १९६९ च्या सकाळी ९.३२ वाजता अपोलो-११ उडालं. ते पाहायला फ्लोरिडाच्या त्या पट्ट्यात अंदाजे दहा लाख लोक जमले होते. टायटसव्हिल आणि कोको बीचच्या रस्त्यांवर गाड्या जागच्या जागी थिजल्या होत्या, खाडीच्या काठावर तंबू पडले होते. केनेडी अवकाश केंद्रात सुमारे साडेतीन हजार पत्रकार होते आणि पाहुण्यांच्या मांडवात माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन बसले होते. जवळून पाहणाऱ्यांच्या आठवणीत एक गोष्ट हटकून येते. ज्वाळा आधी दिसतात, सगळं मुकं असतं, आणि मग आवाज येऊन छातीवर आदळतो. टीव्हीवर हे कधीच पोहोचलं नाही.

त्याच जागी आदल्या दुपारी जे घडलं ते मला उड्डाणाइतकंच महत्त्वाचं वाटतं. किंग यांच्यानंतर त्यांच्या संघटनेची धुरा वाहणारे रेव्हरंड राल्फ ॲबरनॅथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसह दोन खेचरगाड्या घेऊन केंद्राच्या फाटकाशी आले. एका अंतराळवीराला रोज जेवू घालायला १२ डॉलर लागतात, उपाशी मुलाला आम्ही ८ डॉलरमध्ये जेवू घालू, अशा अर्थाचा फलक त्यांच्यातल्या एकाच्या हातात होता. नासाचे प्रमुख थॉमस पेन आत बसून राहिले नाहीत, मोकळ्या मैदानात त्यांना सामोरे गेले. उद्या उड्डाणाचं बटण न दाबल्याने गरिबीचा प्रश्न सुटणार असेल तर आम्ही ते दाबणार नाही, असं ते म्हणाले. तुमच्या गाड्या आमच्या रॉकेटला जोडा, म्हणजे या यशाच्या जोरावर देशाला इतर प्रश्नांकडे वळवता येईल, असाही त्यांचा आग्रह होता. मग त्यांनी अंतराळवीरांसाठी प्रार्थना करण्याची विनंती केली आणि ॲबरनॅथींनी ती मानली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी खास पासवर उड्डाण पाहिलं.

ॲबरनॅथी स्वतः त्या दृश्याने भारावले होते आणि तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलंही. विरोध मात्र मागे घेतला नाही. पाहणं आणि पटणं यांतलं अंतर इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. पेन यांच्या उत्तराबद्दल माझं मत तितकं उदार नाही. ते सभ्य होतं, बहुधा प्रामाणिकही होतं, पण खर्चाचा क्रम कोण ठरवतं हा मूळ प्रश्न त्याने अलगद बाजूला सारला.

जे कुणालाच दिसलं नाही

२० जुलैला ‘ईगल’ हे अपोलो-११ चं उतरणारं यान चंद्रावर टेकलं, ते थेट कुणीही पाहिलेलं नाही. उतरतानाचं टीव्ही चित्र पृथ्वीवर येतच नव्हतं, यायचे ते आवाज, आकडे आणि खरखर. वाहिन्यांनी ही पोकळी प्रतिकृती, हलती चित्रं आणि स्टुडिओतल्या तज्ज्ञांनी भरून काढली. आर्मस्ट्राँग यांना खाली मोठमोठे खडक दिसले म्हणून त्यांनी यान पुढे नेलं आणि नियोजित वेळ उलटली. सीबीएस वाहिनीवरचं चित्र मात्र ठरल्या वेळी उतरून मोकळं झालं होतं. इटलीत तर रोमच्या स्टुडिओतून तीतो स्तान्यो यांनी यान टेकल्याची घोषणा करून टाकली, ह्यूस्टनमधून रुजेरो ओर्लांदो म्हणाले की अजून टेकलेलं नाही, आणि दोघांची हुज्जत चालू असतानाच खरा क्षण निघून गेला. कुणाचं बरोबर यावर इटालियन लोक पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले.

सीबीएसचे वॉल्टर क्रॉन्काइट हे बोलण्यासाठी प्रसिद्ध. यान उतरल्यावर त्यांनी चष्मा काढला, हात चोळले आणि त्यांना शब्दच सुचेनात. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलचा सामना थांबवून बातमी सांगितली गेली तेव्हा प्रेक्षक उभे राहून ओरडले आणि मग देशभक्तीचं गाणं म्हणू लागले.

ठरलेल्या वेळापत्रकात यानंतर अंतराळवीरांनी झोप घ्यायची होती. यान चंद्रावर उभं असताना झोप कुणाला येणार? त्यांनी लवकर बाहेर पडण्याची परवानगी मागितली. त्यामुळे पहिलं पाऊल अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री १०.५६ ला पडलं, घरोघरी टीव्ही चालू असण्याच्या वेळेला. टीव्ही असलेल्या अमेरिकी घरांपैकी सुमारे ९४ टक्के घरांत ही मोहीम कधी ना कधी पाहिली गेली. लंडनमध्ये पहाटेचे ३.५६ झाले होते, टोकियोत बाराला चार मिनिटं कमी होती, सिडनीत दुपारचे १२.५६. ऑस्ट्रेलियात तो सोमवार, शाळेचा दिवस, त्यामुळे तिथल्या पिढीच्या आठवणीतली चांद्रमोहीम बहुधा शाळेतल्या एखाद्या टीव्हीभोवती दाटीवाटीने बसून पाहिलेली असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आणि सोलमध्ये लोकांनी मोठ्या पडद्यांसमोर गर्दी केली. पोप सहावे पॉल यांनी कास्तेल गांदोल्फोच्या वेधशाळेतल्या दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि मग टीव्ही. ब्रिटनमध्ये एका वाहिनीने चंद्रावरच्या बातम्यांमध्ये गाणी, विनोद आणि पाहुण्यांचे वादविवाद पेरून रात्रभराची पार्टीच मांडली होती.

चित्र कसं होतं? धूसर आणि भुतासारखं. पहिले काही क्षण तर उलटंच, कारण कॅमेरा यानाच्या बाजूच्या कप्प्यात डोक्यावर उभा बसवलेला होता आणि पृथ्वीवरच्या तंत्रज्ञाने बटण दाबून चित्र सरळ करायचं होतं. कॅमेरा सेकंदाला फक्त १० चित्रं पाठवायचा, ३२० ओळींची. घरातल्या टीव्हीला ती चालत नव्हती, म्हणून ग्रहणकेंद्रात ती एका पडद्यावर दाखवून दुसऱ्या कॅमेऱ्याने त्या पडद्याचंच चित्रण केलं गेलं. मूळ संदेश त्यापेक्षा बरा होता. तो ज्या फितींवर नोंदवला होता त्या पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये काढला. पहिली काही मिनिटं ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीकच्या अँटेनाने पकडली आणि नंतर बहुतेक वेळ तिथल्याच पार्क्सच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने.

सोव्हिएत दूरचित्रवाणीने थेट प्रक्षेपण केलं नाही. मॉस्कोतल्या एका लष्करी केंद्रात सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह आणि त्यांचे सहकारी मात्र ते पाहत होते. आपण कुठल्या देशाचे हे काही क्षण सगळेच विसरले होते, असं लिओनोव्ह यांनी पुढे लिहिलं. त्यांचं स्वतःचं चंद्रावर जाण्याचं स्वप्न त्या क्षणी मावळत होतं, हे लक्षात घेतलं की या दिलदारपणाची किंमत कळते. त्यांच्या देशाचं मानवरहित लूना-१५ तेव्हा चंद्राभोवतीच फिरत होतं. २१ जुलैला ते आदळून नष्ट झालं. पूर्व युरोपातल्या पोलंड, युगोस्लाव्हियासारख्या देशांत मात्र लोकांनी पहिलं पाऊल थेट पाहिलं.

भारतात तेव्हा सकाळचे ८.२६ वाजले होते. हिंद महासागरावरचा इंटेलसॅटचा उपग्रह नुकताच सेवेत आला होता, पण टीव्ही होता फक्त दिल्लीत आणि आर्वीचं उपग्रह भूकेंद्र अजून सुरू व्हायचं होतं. लोकांनी रेडिओला कान लावले आणि फोटो मागाहून वर्तमानपत्रांत पाहिले. दोनच दिवसांपूर्वी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली होती, तेव्हा चर्चेला विषयांची वाण नव्हती. चंद्रावर उतरण्याच्या घडीपुरतं बोलायचं तर रेडिओ ऐकणाऱ्यांचं टीव्हीवाल्यांपेक्षा फारसं काही हुकलं नाही.

ज्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत

२० जुलैच्या त्या रविवारी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या बागेत एक मोठा संगीत महोत्सव चालू होता. चंद्राबद्दल काय वाटतं असं वार्ताहरांनी तिथल्या लोकांना विचारलं, तेव्हा हा पैसा इथल्या भुकेल्यांवर खर्च व्हायला हवा होता, असं पुष्कळांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं. हार्लेममधूनच निघणाऱ्या ‘ॲमस्टरडॅम न्यूज’ या वृत्तपत्राच्या टिपणीचा आशय असा होता: काल चंद्र झाला, उद्या कदाचित आमची पाळी. न्यूयॉर्क टाइम्सने जगभरातल्या नामवंतांची मतं छापली. त्यात पिकासो यांनी, मला याचं काहीच नाही, मत नाही आणि पर्वाही नाही, असं तोडून टाकलं होतं.

या प्रतिक्रिया नंतरच्या सोहळ्यात बुडाल्या. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सोमवार, २१ जुलै हा दिवस सर्वांनी सहभागी होण्याचा म्हणून जाहीर केला. १३ ऑगस्टला तिघा अंतराळवीरांची एकाच दिवसात न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसमध्ये स्वागतं झाली. सप्टेंबरअखेर ते जगाच्या दौऱ्यावर निघाले आणि ३८ दिवसांत २४ देश फिरले. त्यात मुंबई आणि ढाकाही होतं. कुठेही गेलो तरी लोक ‘तुम्ही केलंत’ म्हणत नव्हते, ‘आपण केलं’ म्हणत होते, ही त्या तिघांतल्या मायकेल कॉलिन्स यांची आठवण याच दौऱ्याची. ती खोटी नाही. मात्र स्वागताला रस्त्यावर येतात ते ज्यांना यावंसं वाटतं तेच, आणि घरी बसलेल्यांची आठवण कुणी लिहून ठेवत नाही.

१९७० च्या ओसाका प्रदर्शनात अपोलो-१२ ने आणलेला चंद्राचा दगड मांडला होता, त्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. दगड दिसायला दगडच होता.

ओहोटी

दुसऱ्यांदा तेच बघायला लोक थांबले नाहीत, त्यात नशिबाचाही हात होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ ने प्रथमच चंद्राच्या पृष्ठभागावर रंगीत कॅमेरा नेला. तो हलवताना ॲलन बीन यांच्याकडून त्याचा रोख सूर्याकडे गेला आणि कॅमेऱ्याचा डोळाच जळाला. पुढचे सगळे तास लोकांना फक्त आवाज ऐकू आला. एका वाहिनीने हतबल होऊन दोऱ्यांनी नाचवायच्या बाहुल्यांकडून चंद्रावरची चाल करून दाखवली.

अपोलो-१३ ची गोष्ट याहून बोलकी आहे. १३ एप्रिल १९७० च्या रात्री लोव्हेल आणि त्यांच्या साथीदारांनी यानातून चांगला मोठा कार्यक्रम केला. तो एकाही मोठ्या वाहिनीने थेट दाखवला नाही. तो संपल्यावर दहा मिनिटांच्या आत प्राणवायूची टाकी फुटली, आणि तासाभरात सगळ्या वाहिन्या हजर. पुढचे चार दिवस जग खरोखर एकवटलं. अमेरिकी सिनेटने सर्वांना रात्री ९ वाजता काम थांबवून प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. पोपनी १० हजारांच्या समुदायासह प्रार्थना केली, भारतातल्या एका धार्मिक मेळ्यात त्याच्या दसपट लोकांनी केली. सोव्हिएत संघाने मदतीला जहाजं देऊ केली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात प्रवासी आपल्या गाड्या सोडून पडद्याकडे माना वर करून उभे होते. १७ एप्रिलला यान समुद्रात उतरताना सुमारे ४ कोटी अमेरिकी लोक टीव्हीसमोर होते. लोक परत आले ते तिघा माणसांसाठी. चंद्राशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

तोवर कात्री चालू झाली होती. नासाला केंद्रीय अर्थसंकल्पातला सर्वाधिक वाटा, सुमारे ४.४ टक्के, १९६६ मध्येच मिळून गेला होता. म्हणजे पैसा आटू लागला तेव्हा आर्मस्ट्राँग अजून चंद्रावर पोहोचलेही नव्हते. जानेवारी १९७० मध्ये एक मोहीम रद्द झाली, सप्टेंबरमध्ये आणखी दोन. ‘लोक कंटाळले म्हणून अपोलो बंद पडलं’ हे वाक्य सोयीचं आहे, क्रम मात्र उलटा आहे.

गंमत म्हणजे चित्र सुधारलं ते नेमकं प्रेक्षक पांगल्यावर. अपोलो-१५ पासून चांद्रगाडीवरचा रंगीत कॅमेरा ह्यूस्टनमधून फिरवता येऊ लागला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चं यान चंद्रावरून उठलं तेव्हा कॅमेरा त्याच्यामागोमाग वर गेला. संदेश पोहोचायला लागणारा वेळ धरून एड फेंडेल यांनी ह्यूस्टनमधून आज्ञा आधीच पाठवल्या होत्या. आधीच्या दोन मोहिमांत हे जमलं नव्हतं. तोवर वाहिन्यांनी प्रक्षेपणाचे तास पार आखडते घेतले होते. पण त्याच मोहिमेचं मध्यरात्रीनंतरचं उड्डाण पाहायला फ्लोरिडात पाच लाखांच्या आसपास लोक गेले होते. टीव्हीपुढून उठलेली माणसं रॉकेटपुढून उठली नव्हती.

शंकेखोर आणि नवे प्रेक्षक

हे सगळं स्टुडिओत घडवलं, असं म्हणणाऱ्यांचं पुस्तकी पर्व १९७६ मध्ये सुरू झालं, रॉकेटची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत पूर्वी नोकरी केलेल्या बिल केसिंग यांच्यापासून. वाहिन्यांनीच दाखवलेल्या प्रतिकृती खऱ्या चित्रापेक्षा स्वच्छ होत्या, मूळ फिती पुसल्या गेल्या, उतरण्याचं थेट चित्र नव्हतं, या साऱ्याचा शंकेला खुराकच मिळाला. तरी १९९९ मधल्या गॅलपच्या चाचणीत चंद्रावतरण बनावट मानणारे अमेरिकी ६ टक्केच होते. चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने २००९ पासून अपोलोच्या जागांचे फोटो पाठवले, त्यात यानांचे उरलेले तळ दिसतात. ज्यांना पटायचं नव्हतं त्यांना तेही पटले नाहीत.

मधल्या पन्नास वर्षांत पाहण्याची पद्धत पार बदलली. २०२२ मध्ये मानवरहित आर्टेमिस-१ चे ऑगस्ट आणि सप्टेंबरमधले दोन प्रयत्न रद्द झाले, तेव्हा किनाऱ्यावर जमलेली मोठी गर्दी हिरमुसून परतली. १६ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर ते एकदाचं उडालं. आर्टेमिसच्या ओरायन यानाच्या सौरपंखांच्या टोकांवर कॅमेरे होते, त्यामुळे यान स्वतःचाच फोटो काढतंय आणि मागे पृथ्वी आहे, अशी दृश्यं जगभरच्या मोबाइलवर पोहोचली. आर्टेमिस-२ च्या ओरायनसाठी लेसरने संदेश पाठवणारी यंत्रणा तयार झाली, सेकंदाला २६० मेगाबिटपर्यंत माहिती पाठवू शकणारी. दहा चित्रांच्या कॅमेऱ्यापासूनचा हा पल्ला.

३ एप्रिल २०२३ रोजी आर्टेमिस-२ च्या चौघांची नावं जाहीर झाली: रीड वाइजमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टिना कॉख आणि कॅनडाचे जेरेमी हॅन्सन. चांद्रमोहिमेसाठी निवडली गेलेली पहिली स्त्री, पहिला कृष्णवर्णीय आणि पहिला बिगर-अमेरिकी माणूस या एकाच यादीत आहेत. अपोलोतून चंद्राकडे गेलेले चोवीसही जण गोरे अमेरिकी पुरुष होते. १९६९ मध्ये हार्लेममधल्या लोकांनी ‘आमचं काय?’ असं विचारलं होतं, त्यातल्या प्रतिनिधित्वाच्या भागाला हे उत्तर म्हणता येईल. भुकेच्या भागाला नाही.

खर्चाबद्दलचा सूरही फारसा बदललेला नाही. प्यू संशोधन केंद्राने २०२३ मध्ये अमेरिकी नागरिकांना नासाच्या कामांचा अग्रक्रम विचारला. पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या लघुग्रहांवर नजर ठेवणं सर्वांत महत्त्वाचं असं ६० टक्क्यांनी सांगितलं, चंद्रावर माणसं पाठवण्याला तेवढं महत्त्व दिलं अवघ्या १२ टक्क्यांनी. अमेरिकेने अवकाशात आघाडीवर राहिलंच पाहिजे, असंही त्याच पाहणीत ६९ टक्के लोक म्हणाले.